रक्त दिसलं की धावपळ, 'टक्' वाजलं की 'बघू उद्या'

क्लाइंबिंग करणाऱ्या माणसाचे हात बघितले की तो कुठे चढतो ते साधारण कळतं. नखं काळी-निळी, अंगठ्याच्या नखाखाली साकळलेलं जुनं रक्त, बोटांच्या मागच्या बाजूला खरचटल्याच्या रेघा, तळहातावर दोराने भाजून चकचकीत झालेली कातडी, तर तो सुळकेवाला. तैलबैला, वानरलिंगी, मोरोशीचा भैरवगड, कोकणकडा, अशी नावं पाच मिनिटांत निघतातच. आणि हात बऱ्यापैकी नीटनेटके, नखं अगदी बारीक कापलेली, पण अनामिकेला पांढरी टेप आणि मधल्या बोटाचा मधला सांधा असा जाडजूड की अंगठी घालायला गेलं तर तिथेच अडकेल, तर तो वॉलवाला, म्हणजे बनवलेल्या कृत्रिम भिंतीवर चढणारा. आमच्या ग्रुपात दोन्ही प्रकार आहेत आणि मी अर्धी-अर्धी, म्हणजे थंडीत सह्याद्री आणि एकदा पाऊस सुरू झाला की कातळावर शेवाळं येतं म्हणून मुकाट्याने वॉल.

दोन्हीकडची बोटं बघून माझं एक ठाम मत झालंय की आपल्याकडे दुखापत किती मोठी हे रक्तावरून ठरतं. रक्त आलं की सगळे गोळा होतात, फर्स्ट एड किट उघडतं, बेटाडीन निघतं, कोणीतरी "हात वर धर, दाबून धर" म्हणून ओरडतं, फोटो निघतात, रात्री ते ग्रुपवर पडतात आणि खाली पन्नास काळजीवाहू मेसेज येतात. आणि ज्याच्या बोटातून नुसतं 'टक्' असं वाजलं, रक्त नाही, जखम नाही, बोट वाकतंयसुद्धा, तो "काही नाही रे, लचकलं वाटतं" म्हणत शूज काढतो, चहा पितो आणि परवा परत वॉलवर हजर. खरं म्हणजे हे बरोब्बर उलटं व्हायला हवं. काळं झालेलं नख पडतं, चार-सहा महिन्यांत नवीन येतं, विषय संपला. 'टक्' वाजलेलं बोट मात्र नीट नाही बघितलं तर पुढची कित्येक वर्षं जिना चढताना पिशवीसुद्धा उचलू देत नाही.

आधी रक्तवाल्यांचं सांगून टाकते, कारण ते सोपं आहे.

सह्याद्रीचा दगड बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि थरांमध्ये काय काय सुटं बसलंय ते हात लावल्याशिवाय कळत नाही. इथे बोटांना जे होतं ते बरंचसं बाहेरून होतं. दगड निसटून बोटावर येतो, कपारीत बोटं घातलेली असताना पाय सटकतो आणि कातडी सोलून निघते, आणि लीड करणारा, म्हणजे सगळ्यांच्या आधी चढणारा, पिटॉन (कातळात ठोकायचा खिळा) नाहीतर बोल्टचं ड्रिल डाव्या हातात धरून ठोकत असतो तेव्हा हातोडी अंगठ्यावर बसते. शेवटचा प्रकार आमच्याकडच्या सगळ्या जुन्या मंडळींच्या अंगठ्यावर लिहिलेला आहे. एका हाताने लटकायचं, खाली दीडशे फूट दृष्टीभय, पिंढऱ्या थरथरतायत, अशा वेळी नेम चुकणार नाही तर काय होईल. नखाखाली रक्त साठलं की ठणका असा लागतो की माणूस रात्रभर हात उशीवर ठेवून बसतो. यावर डॉक्टर नखाला बारीक भोक पाडतात, दाबाखालचं रक्त बाहेर येतं आणि त्याच क्षणी ठणका उतरतो. हे काम काहीजण कॅम्पवर लायटरने सुई लाल करून करतात, मी कोणाला करा म्हणून सांगणार नाही, दवाखान्यात दोन मिनिटांचं काम आहे ते. शिवाय नख मुळापासून उचकटलं असेल, टोक वाकडं दिसत असेल किंवा बधिर वाटत असेल तर एक्सरे लागतो, नखाखालच्या चिमुकल्या हाडाला चीर पडलेली असू शकते.

दोराने भाजणं हा दुसरा आवडता प्रकार, लोणावळ्याजवळच्या ड्यूक्स नोजला रॅपलिंगची, म्हणजे दोरावरून खाली उतरायची, गर्दी असते तेव्हा हमखास बघायला मिळतो. एट डिव्हाइस (दोराचा वेग आवरणारा आठच्या आकाराचा धातूचा तुकडा), भारी माणूस, ग्लोव्ह्ज नाहीत, मध्यावर घाबरून दोर गच्च धरायचा प्रयत्न, झालं. यावर साधं वाहतं गार पाणी चांगलं दहा-वीस मिनिटं. टूथपेस्ट लावू नका. मला माहितीये तुमच्या सॅकमध्ये टूथपेस्ट आहे आणि कोणीतरी ती काढणारच आहे, तरी लावू नका.

आता 'टक्'.

बोटांमध्ये स्नायू नसतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आपला हात उलटा-सुलटा करून बघत बसले होते. बोट वाकवणारी ताकद येते ती फोरआर्ममधून, म्हणजे कोपर ते मनगट, तिथल्या स्नायूंचे टेंडन (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटातून तळहातात आणि तिथून प्रत्येक बोटात जातात. चार बोटांना प्रत्येकी दोन, एक मधल्या हाडापर्यंत जातो आणि दुसरा थेट शेवटच्या पेरापर्यंत. आता हे टेंडन हाडाला चिकटून राहावेत म्हणून बोटभर आडवे पट्टे असतात, त्यांना पुली म्हणतात. परकराच्या नेफ्यातून नाडी जाते ना, तसंच. नाडी कितीही ओढा, नेफा शाबूत आहे तोवर ती जागच्या जागी राहते. नेफा उसवला की नाडी बाहेर धनुष्यासारखी ताणली जाते. बोटाला मुख्य पाच पुल्या, ए-वन ते ए-फाइव्ह, त्यातली ए-टू बोटाच्या पहिल्या हाडावर, म्हणजे तळहाताकडून बघितलं तर बोटाच्या बुडाशी आणि मधल्या सांध्याच्या अलीकडे. सगळ्यात जाड आणि मजबूत तीच, आणि क्लाइंबर लोकांची सगळ्यात जास्त तुटते तीच. आता मजबूत असून का तुटते, तर आपण तिच्यावर काय लादतो ते बघा.

छोटासा होल्ड, जेमतेम नखाएवढी कड. त्यावर बोटांची टोकं ठेवायची, मधला सांधा काटकोनात वर उचलायचा, टोकाचा सांधा उलटा मागे जातो, आणि वरून अंगठा तर्जनीच्या नखावर दाबून कुलूप लावायचं. याला फुल क्रिम्प म्हणतात. फार भारी वाटतं, होल्ड हातात आल्यासारखा वाटतो. पण त्या काटकोनात टेंडन पुलीला आतून बाहेर ढकलत असतो. २००६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी हिशोब मांडला होता, त्यात बोटं पसरून धरायच्या ग्रिपच्या तुलनेत क्रिम्पमध्ये ए-टूवर ३६ पट जोर येत होता. छत्तीस! बोट तेच, माणूस तोच, नुसती धरायची पद्धत बदलली. आणि पुली बहुतेक वेळा शांतपणे लटकताना तुटत नाही, पाय सटकतो आणि अंगाचा सगळा भार झटक्याने त्या वाकलेल्या बोटांवर येतो तेव्हा तुटते. सह्याद्रीतसुद्धा होऊ शकतं हे, एक होल्ड निखळला की दुसऱ्या हाताला तोच झटका. पण वॉलवर जास्त, कारण तिथे माणूस तीच चार-पाच फुटांची मूव्ह एका संध्याकाळी पुन्हा पुन्हा करतो. नुकसान अनामिकेचं सर्वात जास्त आणि मग मधल्या बोटाचं.

माझी डावी अनामिका, पावसाळ्यातली संध्याकाळ, वॉल, दमट हवा, उजवा पाय सटकला. आवाज मॅटवर बसलेल्या मैत्रिणीने ऐकला, मला वाटलं होल्डचा स्क्रू वाजला. दुखलं पण फार नाही, हेच फसवं असतं. अर्ध्या तासात बोटाचं बूड सुजलं आणि तिथे आडवं दाबलं की जीव जायला लागला.

घरी आईने आंबेहळद उगाळून लेप लावला, तो छान गार वाटतो आणि नुकसान काही करत नाही, मी विरोध केला नाही. शेजारच्या काकूंनी हाडवैद्याचा पत्ता दिला. आता माझा हाडवैद्यांवर सरसकट राग नाही, गावाकडे पाय मुरगळलेले कितीतरी लोक तिथून चालत आलेले मी बघितलेत, पण बोट ओढून 'कडक्' वाजवून देणं हा इलाज अर्धवट फाटलेल्या पुलीवर करायचा नसतो. तेल लावून जोरजोरात रगडणंसुद्धा पहिल्या दिवसांत नको. दुसरीकडे पहिल्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, "फ्रॅक्चर नाहीये, काही झालेलं नाही, हे जेल लावा" म्हणाले. एक्सरे चांगलाच होता, पण एक्सरेमध्ये हाड दिसतं, पुली दिसत नाही. पुली बघायची तर सोनोग्राफी किंवा एमआरआय.

मग सोनोग्राफी. फोनवर अपॉइंटमेंट घेताना मी म्हटलं बोटाची करायचीये, पलीकडून सांगितलं रात्री हलकं जेवा, सकाळी काही न खाता भरपूर पाणी पिऊन या, लघवी करू नका. मी परत म्हटलं पोटाची नाही हो, बोटाची. पलीकडे शांतता. मग "बोटाची म्हणजे... हाताच्या?" सकाळी तिथे गेले तर भिंतीवर गर्भलिंगनिदान केले जात नाही वाली मोठी पाटी, बाकावर सगळ्या गरोदर बायका आणि त्यांच्या सासवा, आणि मध्ये मी एक बोट वर धरून. एका आजींनी अगदी प्रेमाने विचारलं, कितवा? मी म्हटलं, आजी, डावीकडून दुसरं.

पण डॉक्टर हुशार होत्या. हाताच्या तज्ज्ञांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की बोटावर जोर देताना बघा, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण हात सैल ठेवून बघितलं तर फाटलेली पुलीसुद्धा शहाण्यासारखी दिसते. बोटाच्या टोकाने विरोधात दाबायचं आणि त्या वेळी टेंडन हाडापासून किती लांब उचलला जातो ते मोजायचं. दोन मिलिमीटरच्या वर गेलं की पुली गेल्याचा संशय घट्ट होतो. माझी अर्धवट फाटलेली निघाली.

याची प्रतवारी फोल्कर श्योफ्ल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी करून ठेवलीये, ते स्वतः क्लाइंबर आहेत, आणि जगभर हीच वापरतात. पहिल्या ग्रेडमध्ये पुली नुसती ताणली गेली. दुसऱ्यात ए-फोर पूर्ण गेली किंवा ए-टू अर्धवट. तिसऱ्यात ए-टू किंवा ए-थ्री पूर्ण तुटली. चौथ्यात एकापेक्षा जास्त पुल्या एकदम, किंवा एक पुली आणि शिवाय लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) वगैरेचं नुकसान. ऑपरेशन साधारणपणे चौथ्यात लागतं. म्हणजे ए-टू पूर्ण तुटलेलं बोटसुद्धा बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय बरं होतं, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. वेळ मात्र लागतो. तिसऱ्या ग्रेडला दहा-चौदा दिवस बोट बांधून, मग हळूहळू हालचाल, सहा-आठ आठवड्यांनी अगदी सोपं चढणं, पूर्ण जोर साधारण तीन महिन्यांनी. चौथ्याला ऑपरेशननंतर सहा महिने धरून चालायचं. मधल्या काळात बोटाच्या बुडाशी थर्मोप्लास्टिकची एक कडक रिंग घालतात, टेंडनला बाहेर फुगू देत नाही ती, हँड थेरपी करणारे गरम पाण्यात मऊ करून मापाने बनवून देतात. दिसायला एकदम साधी, पण माझ्या मते सगळ्या इलाजात हीच सगळ्यात कामाची गोष्ट.

आणि बरं होण्याच्या काळात आमच्याकडे दोन टोकं दिसतात. एक म्हणजे बोट चार महिने तसंच ठेवून देणारे, भाजीची पिशवीपण दुसऱ्या हातात, आणि मग चार महिन्यांनी एकदम येऊन जुना प्रोजेक्ट, म्हणजे आधी न जमलेला अवघड मार्ग. पुलीला, टेंडनला हळूहळू वाढत जाणारा भार लागतो, नुसत्या आरामाने ते दुखायचं थांबतं पण मजबूत होत नाही. दुसरे म्हणजे रोज तपासून बघणारे. सकाळी उठले, दाबून बघितलं. ऑफिसमध्ये टेबलाच्या कडेला क्रिम्प करून बघितलं. दरवाजाच्या चौकटीला लटकून बघितलं. लिफ्टमध्ये, गाडीच्या हँडलला, सगळीकडे. माझा एक मित्र जेवताना वाटीच्या काठावर करायचा. अरे, ते रोज थोडं थोडं उसवणं आहे! दुखणं ताकदीच्या आधी जातं, हे बोटाचं सगळ्यात वाईट आहे. तीन आठवड्यांत दुखायचं थांबतं आणि माणसाला वाटतं झालं बरं.

अजून एक. दुखणारा सांधा नाहीतर टेंडन म्हटलं की काही ठिकाणी लगेच स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. ट्रिगर फिंगरसारख्या, म्हणजे वाकलेलं बोट अडकून बसतं तशा, त्रासात त्याचा उपयोग होतोच, पण फाटलेल्या पुलीच्या आसपास ते गेलं तर तिथला टिश्यू अजून कमजोर व्हायची भीती असते, आणि दुखणं थांबल्यामुळे माणूस त्याच दिवशी चढायला मोकळा. तेव्हा घ्यायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी बोटांवर लटकते, किंवा लटकतो.

टेपबद्दल लोक सारखं विचारतात. २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा (बुटक्या भिंतीवर दोराशिवाय चढायचं) वर्ल्ड कप झाला तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो, आणि परदेशी खेळाडूंच्या बोटांवरच्या टेप बघून पुढच्या आठवड्यात आमच्या वॉलवर धडधाकट बोटांचे सगळे टेप लावून आले. ठणठणीत बोटाला टेप लावल्याने पुली तुटायची वाचते असं काही नाही. दुखापतीनंतर मात्र एच-टेपचा उपयोग होतो. दीड सेंटिमीटर रुंद, साधारण दहा सेंटिमीटर लांब पट्टी घ्यायची, दोन्ही टोकांकडून मधोमध उभी चिरायची, मध्ये एक सेंटिमीटर जोडलेला भाग ठेवायचा. तो जोड मधल्या सांध्याच्या तळहाताकडच्या बाजूला. खालच्या दोन शेपट्या पहिल्या हाडाभोवती गुंडाळायच्या, मग बोट वाकवायचं आणि वाकवलेल्या अवस्थेतच वरच्या दोन गुंडाळायच्या. मेडिकलमधली झिंक ऑक्साइडची टेप घ्या, इलॅस्टिक नको. आणि जुलैच्या मुंबईत ती वीस मिनिटांत घामाने निसटते, हा वैज्ञानिक नाही, घरगुती अनुभव.

कातडीचं म्हणाल तर हंपीच्या ग्रॅनाइटवर दुसऱ्या दिवशी सगळे हात खिशात घालून फिरतात, बदामीचा वालुकाश्म त्या मानाने बराच दयाळू. ज्यांना कातडी फाटणं ही किरकोळ गोष्ट वाटते त्यांनी अमेरिकन क्लाइंबर केव्हिन जॉर्गसनचं आठवावं. योसेमिटीच्या एल कॅपिटानवर डॉन वॉल नावाचा मार्ग करताना पंधराव्या पिचच्या (दोराच्या एका लांबीचा टप्पा) ब्लेडसारख्या होल्ड्सनी त्याची बोटं चिरली आणि तो जवळपास आठवडाभर तिथेच अडकला, चढायचं, पडायचं, कातडी भरून यायची वाट बघायची. शेवटी ती पिच जमली आणि १४ जानेवारी २०१५ ला दोघे वर पोचले. दुसरा म्हणजे टॉमी कॉल्डवेल, त्याला डाव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे, २००१ मध्ये घरी सुतारकाम करताना टेबल सॉखाली गेली. हे उदाहरण मात्र कृपया "बघ, त्याला तर बोटच नाही" असं म्हणून जखमी माणसाच्या तोंडावर मारू नका, माझ्या मारलं गेलंय.

एक दुखापत पुलीसारखी वाटते आणि नसते. एक-दोन बोटांच्या खळग्यात, म्हणजे पॉकेटमध्ये, ती बोटं सरळ आणि बाकीची बोटं आपसूक मुठीसारखी वाकलेली. तळहातात लुम्ब्रिकल म्हणून छोटे स्नायू असतात ते टेंडनवरच बसलेले, शेजारचे टेंडन विरुद्ध दिशांना ओढले गेले की मधला लुम्ब्रिकल फाटतो. दुखतं बोटात नाही, तळहातात. ओळखायचं असं की चारही बोटं एकत्र वाकवून ओढलं तर दुखत नाही, पण एकटं बोट सरळ ठेवून ओढलं आणि शेजारची वाकवली की कळ येते.

अंगठ्याकडे कोणी बघतच नाही. क्लाइंबिंगमध्ये तो सहाय्यक नट, क्रिम्पला वरून दाबतो, पिंचला, म्हणजे चिमटीत धरायच्या होल्डला, विरुद्ध बाजूने आवळतो. वर्षानुवर्षं पिंच करून त्याच्या बुडाचा, मनगटाजवळचा सांधा कुरकुरायला लागतो, बरणीचं झाकण उघडताना, किल्ली फिरवताना कळतं. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखत असेल आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं की ओरडायला होत असेल तर ते वेगळं, तिथल्या टेंडनच्या आवरणाची सूज, मोबाइलवाल्यांना आणि लहान बाळ उचलणाऱ्या आयांनाही होते. पण अंगठ्याची खरी घाबरण्यासारखी गोष्ट म्हणजे पडताना तो मॅटमध्ये किंवा दोरात अडकून बाहेरच्या बाजूला मुडपला जाणं. तर्जनीकडच्या बाजूचं लिगामेंट जातं, स्कीइंगवाल्यांची प्रसिद्ध दुखापत आहे ही. इथेही रक्त नाही. चिमटीत कागद धरता येत नाही, अंगठा लुळा वाटतो, आणि पूर्ण तुटलेलं असेल तर कधी कधी तुटलेलं टोक असं सरकून बसतं की ते आपोआप जुळूच शकत नाही, ऑपरेशन करावंच लागतं आणि जितकं लवकर तितकं बरं. आमच्यातला एकजण महिनाभर क्रेप बँडेज बांधून फिरला. कारण काय, तर सूज थोडीच होती.

बिले करणाऱ्यांचे, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणाऱ्यांचे, अंगठे वेगळे, दोर डिव्हाइसमध्ये खेचला गेला की हाताची मऊ कातडी चिमटीत सापडते. ब्रेक हात, म्हणजे दोर अडवणारा हात, डिव्हाइसपासून वीतभर खाली ठेवा, एवढंच.

मुलांचं थोडं निवांत सांगायला हवं, कारण हल्ली मेच्या सुट्टीत समर कॅम्पला आलेली मुलं ऑगस्टपर्यंत आपल्यापेक्षा भारी चढायला लागतात आणि आईवडील व्हिडिओ काढत असतात. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांमध्ये हाडाचा वाढीचा भाग अजून कूर्चेसारखा असतो, पुलीपेक्षा कमजोर. त्यामुळे मोठ्या माणसाची जिथे पुली तुटेल तिथे मुलाच्या मधल्या सांध्याजवळच्या वाढीच्या भागाला फ्रॅक्चर होतं, आणि तेही बऱ्याचदा एका झटक्यात नाही, हळूहळू, आवाजही नाही. लक्षण एकच, मधल्या सांध्याच्या मागच्या बाजूला, नखाकडून येणाऱ्या बाजूला, आठवडे चालू असलेलं दुखणं. मुलगा म्हणतो वॉर्म अप झालं की जातं. नाही जात. एक्सरे काढा, त्यात दिसलं नाही आणि दुखणं तसंच असेल तर एमआरआय, आणि तोवर चढणं बंद. वेळेत थांबलं तर बरं होतं, नाही थांबलं तर बोट कायमचं वाकडं, वाढ खुंटलेली.

आणि कॅम्पस बोर्ड मुलांसाठी नाहीच. ती लाकडी पट्ट्यांची शिडी, पाय न लावता नुसत्या बोटांनी उड्या मारत चढायची, १९८८ मध्ये वोल्फगांग ग्युलिशने न्युर्नबर्गच्या एका जिममध्ये बनवली. १९९१ मध्ये त्याने जर्मनीतला आक्सिओं दिरेक्त हा मार्ग चढला, नाइन-ए या अतिकठीण दर्जाचा जगातला पहिला मार्ग तोच असं साधारणपणे मानतात. तो तोवर कित्येक वर्षं मुरलेला तिशीचा माणूस होता, बारा वर्षांचा नव्हता. आपल्याकडे पोरं तिसऱ्या आठवड्यात त्यावर लटकतायत आणि कोच बाजूला मोबाइल बघतायत, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय.

शेवटचं म्हणजे अंगठ्या, दागिन्यातल्या. साखरपुड्याची, पोवळ्याची, पुष्कराजाची, ज्योतिषाने सांगितलेली आणि आईने शपथ घालून दिलेली, सगळ्या. कातळाच्या धारेत किंवा बोल्टच्या हँगरमध्ये अंगठी अडकली आणि माणूस खाली घसरला तर ती बोटाची कातडी मोज्यासारखी ओढून घेऊन जाते, कधी कधी बोटच घेऊन जाते. इथे मात्र रक्त बघून धावपळ करणारे शंभर टक्के बरोबर असतात. चढायच्या आधी काढा, सॅकच्या चेनच्या खिशात ठेवा. हात दुखावला आणि अंगठी अजून बोटात असेल तर सूज यायच्या आधी, त्याच मिनिटाला काढा, नंतर साबण लावा, तेल लावा, दोरा गुंडाळा, काहीही केलं तरी ती सांध्याशी अडते आणि बोट जांभळं व्हायला लागतं. तसं झालं तर भावनिक न होता कापायची. कॅज्युअल्टीमध्ये कटर असतो, नसला तर जवळच्या सोनाराकडे जा, तो कापून देतो आणि बोट उतरल्यावर परत जोडूनही देतो.